झाका, पण कापू नका

३ फेब्रुवारी

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. आमच्या संग्रहालयाच्या पत्रांना तुम्ही उत्तर देत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आधी काय झालं ते सांगते, मग मी कोण ते.

१. तुमच्या आईंची शाईची रेखाटनं विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत. येत्या मे महिन्यात त्यांचं प्रदर्शन आहे.

२. चित्रांभोवतीचे जुने माउंट, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटी, पिवळे पडले होते. ते बदलायचे म्हणून मागच्या आठवड्यात मी पहिलं चित्र चौकटीतून सोडवलं.

३. कागद चौकटीच्या खाली आणखी चार बोटं होता. त्या झाकलेल्या पट्टीवर मेणाच्या खडूच्या रेघोट्या आहेत, लाल आणि हिरव्या. लहान मुलाच्या हाताच्या.

४. मग मी बाकीची चित्रं सोडवली. प्रत्येकावर तशी पट्टी आहे.

५. या पट्टीचा कुठल्याही यादीत, पुस्तकात किंवा फोटोत उल्लेख नाही. आमच्याकडे चित्राचं माप चौकटीच्या आतून घ्यायची पद्धत होती. झाकलेलं कोणी मोजलंच नाही.

६. आईंच्या स्मृतिप्रदर्शनाच्या दिवशी तुम्ही आमच्या प्रमुखांना म्हणाला होतात, "ही चित्रं मी सुरू करायचे." ते हसले होते. ही गोष्ट ते अजूनही किस्सा म्हणून सांगतात, म्हणून मला कळली.

मी इथली सहाय्यक क्युरेटर. शिक्षण रसायनशास्त्राचं, कागद आणि शाई हा विषय. नोकरी नवी आहे. हे पत्र सरांना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, विचारून लिहिते आहे.

माझा प्रश्न एकच. त्या रेघोट्या तुमच्या आहेत का?

आपली,
सहाय्यक क्युरेटर, रेखाटन विभाग


२४ फेब्रुवारी

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. "हो, माझ्या. पुढे? आणि मॅडम म्हणू नका, मॅडम आईला म्हणायचे. तुम्हाला यात काय मिळतं?" एवढ्याशा कार्डावर तुम्ही एक उत्तर आणि दोन प्रश्न बसवलेत. आभारी आहे. मला वाटलं होतं, कार्डही येणार नाही.

"पुढे?" याचं उत्तर आधी.

पट्टी दिसल्यावर आमच्याकडे सगळे धरून चालले होते की चित्रं पूर्ण झाल्यावर मुलीने खाली खडू फिरवला. आई ओरडली असेल, कागद टाकवला नसेल, म्हणून जपून ठेवला. ऐकायला अगदी पटतं. पण खडू आणि शाई जिथे एकमेकांना छेदतात, तिथे कोण आधी आलं हे बघता येतं. मेणावर पाण्याची शाई बसत नाही. खडू आधी असेल तर वरून आलेली शाईची रेष त्या जागी तुटते, बारीक थेंबांची माळ होते. शाई आधी असेल तर रेष सलग राहते आणि खडू तिच्यावरून घसरत जातो.

हे पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकावर विसंबून मी कोणाला पत्र लिहीत नाही, म्हणून स्वतः करून बघायचं ठरवलं. खडू आणायला दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "बाळाचं वय काय?" मी म्हटलं, "एकोणतीस." त्याने मुकाट्याने मोठी पेटी काढून दिली.

दोन्ही प्रकारचे नमुने केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुमच्या चित्रांशेजारी ठेवून पाहिले. तुमच्या चित्रांत शाई तुटलेली आहे. जिथे जिथे छेद आहे तिथे, सगळ्या चित्रांत.

आधी खडू, मग शाई. तुम्ही खरं सांगत होतात.

सरांनाही दाखवलं. तो प्रसंग जसा झाला तसाच लिहिते. ते म्हणाले, "पाच मिनिटांत पटव. मला मीटिंग आहे." वाकून बघितलं.

"ही शाई मधेच तुटलीय."

"खाली मेण आहे, सर."

"आणि मेण वरून असतं तर?"

मी माझा नमुना सरकवला. "असं दिसलं असतं. सलग."

त्यांनी आणखी तीन चित्रं मागितली. मग म्हणाले, "खुर्ची दे." बसले. मीटिंगला गेले नाहीत. चौथं चित्र बघून झाल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं मी वर्गात शिकवतोय की या बाईंची रेषा चौकटीबाहेरून येते. कुठे सुरू होते ते दिसतच नाही. हेच त्यांचं मोठेपण."

"येतेच, सर, बाहेरून. बाहेर लहानशी मुलगी बसली होती."

त्यावर ते हसले नाहीत. त्यांचं ते चौकटीबाहेरच्या रेषेचं वाक्य मीही क्युरेटरच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत लिहिलेलं आहे, आणि त्याला गुण मिळालेले आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला काय मिळतं? पहिलं स्वतंत्र प्रदर्शन मिळतं. माझी नेमणूक ऑगस्टपर्यंत आहे. हे काम चांगलं झालं तर ती वाढेल, न झाल्यास नाही. पहिल्या पत्रात हे लिहिलं नव्हतं, कारण तुम्ही विचारलं नव्हतं. आणि सरांना विचारून लिहिते असं जे म्हटलं होतं, त्याचा तपशील असा की मी विचारलं होतं आणि ते "बघू" म्हणाले होते.

याशिवाय आणखी काही मिळतं का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आपली,
स. क्यु.


९ मार्च

ताई,

तुमचं मोठं पत्र आलं. तीनदा वाचलं. तुम्ही दातांच्या डॉक्टर आहात हे वाचून बरं वाटलं. "झाकलेलं उघडून बघणं हे माझंही रोजचंच काम, फक्त माझ्याकडे माणसं ओरडतात," हे वाक्य आमच्या माउंटवाल्या काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "इथेही ओरडतात. तू ऐकलं नाहीस अजून."

तुम्ही लिहिलंत की आईंना कोऱ्या कागदाची भीती वाटायची. टेबलावर कागद पसरून त्या येरझाऱ्या घालायच्या, मग तुम्हाला खुर्चीवर गुडघ्यांवर बसवून म्हणायच्या, "तू सुरू कर, मी आलेच." हे कुठल्याही मुलाखतीत नाही. मुलाखतीत त्या म्हणतात, "मी कुठूनही सुरू करते." आता ते वाक्य मला वेगळं ऐकू येतं. खोटं त्या बोललेल्या नाहीत. पुरतं सांगितलं नाही, एवढंच.

आता मला सापडलेलं. तुमचं पत्र नसतं तर हे माझ्या लक्षात आलं नसतं, म्हणून आधी तुमचे आभार.

आईंनी चित्रांवर तारखा घातल्या नाहीत. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, यावर लोक भांडत आले आहेत. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे: चित्रं लहान लहान होत गेली. शेवटची तर तळहाताएवढ्या उंचीची. यावर लेख आहेत. "आकसत जाणारी प्रतिभा" असा एक मथळा आहे.

तुम्ही गुडघ्यांवर बसायचात हे वाचलं आणि मी खाली गेले, चित्रं काढली, आणि प्रत्येक कागदावर खडू खालच्या कडेपासून वर किती पोचलाय ते मोजलं. सगळे कागद एकाच मापाचे आहेत. पूर्ण कागद, म्हणजे चौकटीखालचा भाग धरून, कोणी मोजलेच नव्हते.

पहिल्या चित्रात खडू चार बोटं वर पोचतो. नंतर वीतभर. नंतर कोपरापर्यंतचा हात. जसजसा खडू वर जातो, तसतशी चौकटीची पट्टी रुंद होते आणि उघडा भाग लहान होतो.

चित्रं लहान होत नव्हती, ताई. तुमचा हात लांब होत होता.

मी चित्रं त्या क्रमाने मांडली. सरांना बोलावलं. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. म्हणाले, "तो मथळा कोणी दिला होता माहीत आहे ना?" मी म्हटलं, "हो, सर." लेख त्यांचाच आहे. मग म्हणाले, "तिला कळव. मी हसलो होतो आणि ते चुकलं. माझ्या नावाने कळव, 'सर म्हणाले' असं मोघम नको." तेव्हा हे आमच्या प्रमुखांचं म्हणणं, त्या दिवशी हसले होते त्यांचंच; नाव तुम्हाला माहीतच आहे.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. देणार आहे. आधी एक कागद बघायचा आहे.

स. क्यु.


१२ मार्च

ताई,

घाईत लिहिते. आईंची चित्रं ज्या मूळ पुडक्यात इथे आली, त्यात आणखी एक कागद आहे. यादीत त्याला क्रमांक नाही. त्यावर फक्त खडूचं घर आहे. तुमचं का? उतरतं छप्पर, धुराडं, वर उजव्या कोपऱ्यात सूर्य, दाराला गोल कडी. एवढंच कळवा, कार्ड पुरेल.


२७ मार्च

ताई,

कार्ड मिळालं. "माझंच. पहिलीत. बाईंनी छान म्हटलं होतं." बरं झालं विचारलं.

आता त्या परिच्छेदाकडे येते. तो मी इथे परत लिहून काढते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते आपल्या दोघींसमोर राहील. तुम्ही लिहिलंत: "मी शाळेत गेले, नीट चित्र काढायला शिकले आणि आईचं काम थांबलं. त्यानंतर तिने एकही रेष काढली नाही. कारण लोकांना ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. तुमच्या दारात मी येत नाही ते तुमच्या सरांमुळे नाही. ती चित्रं बघितली की मला दिसतं, मी काय बंद पाडलं."

यावर मी "असं काही नसतं हो" म्हणू शकले असते. लोक म्हणतात. मला ते जमत नाही, आणि तुम्हालाही त्याचा उपयोग झाला नसता. मला कागद बघता येतो, म्हणून मी कागद बघितला.

घर पूर्ण पान भरून आहे. तुमचा हात आता वरच्या कडेपर्यंत पोचलेला आहे. आईंना जागा उरलेली नाही, हे खरं आहे. हे मी लपवत नाही.

पण कागद कोरा सोडलेला नाही. दाराच्या कडीखाली शाईचा एक ठिपका आहे. नुसत्या डोळ्यांना तो डाग वाटतो. यादी करणाऱ्यांनाही तसंच वाटलं असणार. तिथे मेण नाही, म्हणून शाई कागदात मुरली आहे. टाक टेकवून लगेच उचलला तर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पडतो. हा मसुरीएवढा आहे, कडा पसरलेल्या आहेत, आणि शाई मागच्या बाजूला उतरली आहे. मी तसाच टाक, तसाच कागद घेऊन करून बघितलं. एवढा ठिपका पडायला टाक टेकवून बराच वेळ थांबावं लागतं. हात न हलवता.

म्हणजे त्या तुमच्या घराच्या दाराशी थांबल्या होत्या. मग टाक उचलला.

का उचलला, हे शाई सांगत नाही. सुचलं नाही म्हणून, की तुमचं घर बिघडवायचं नव्हतं म्हणून? मी सांगू लागले तर तो माझा अंदाज होईल, आणि या चित्रांवर अंदाज पुष्कळ झालेत. दोन गोष्टी मात्र नक्की आहेत. त्यांनी घरावर रेष मारली नाही. आणि तो कागद टाकला नाही. बाकीच्या चित्रांच्या पुडक्यात, सगळ्यांत वर ठेवला.

तिसरी गोष्ट काकांकडून कळली. ते इथे सगळ्यांत जुने. ते माउंट त्यांनीच कापले होते. मी विचारलं, "काका, पट्टी का झाकलीत?"

"घाण झाकायलाच तर माउंट असतो. नाहीतर काय शोभेला?"

"घाण कोण म्हणालं?"

"तेव्हाचे साहेब. चित्रकार बाई समोरच बसल्या होत्या. साहेब म्हणाले, खालचा भाग पोरीने खराब केलाय, तेवढा उडवून टाकू, कागद सरळ होईल. मी फूटपट्टी आणि कटर घेतलाच होता."

"मग?"

"मग त्या बाई उठून उभ्या राहिल्या. तोवर चहा पीत शांत बसल्या होत्या. म्हणाल्या, झाका, पण कापू नका. साहेबांनी काहीतरी समजावलं. त्या परत तेच. झाका, पण कापू नका. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, बरं बाई. मलाही रागच आला होता. एकेक चौकट वेगळ्या मापाची. सरळ कापलं असतं तर एका दिवसात झालं असतं, मला आठवडाभर बसावं लागलं."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता परत सगळं नव्याने कापायला लावणार ना तू? दिसतंय मला तोंडावर."

आईंनी तुमचं नाव का घेतलं नाही, झाकू का दिलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमचा राग काढून घ्यायचा माझा विचार नाही. पण सगळ्या कागदांवरची तुमची बाजू आज शाबूत आहे ती त्या तिथे उठून उभ्या राहिल्या म्हणून. मला ते काम रोज हाताळायला मिळतं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुमचीही आहे.

तुम्ही विचारलं होतं, मला यात काय मिळतं. त्याचं राहिलेलं उत्तर असं.

माझी आई दवाखान्यात काउंटरवर बसायची. शाळा सुटली की मी काउंटरखाली बसून जुन्या चिठ्ठ्यांच्या मागे पट्टीने रेघा ओढत असे. ती वर फोन घ्यायची, लोकांना नंबर द्यायची, आणि अधूनमधून खाली न बघता विचारायची, "झालं का गं?" मला वाटायचं, हिला कशाचं काही नाही. तो समज मी अगदी परवापर्यंत नीट सांभाळून ठेवला होता. आम्ही भांडत नाही. फोनवर हवापाणी बोलतो.

मी क्युरेटर झाले तेव्हा ती म्हणाली होती, "एवढं केमिस्ट्री शिकून शेवटी चित्रं टांगणार?" तुमच्या घराचा कागद बघितला त्या दिवशी मी फोन केला. विचारलं, "आई, मी लहानपणी काढलेलं काही तू ठेवलंयस का?"

"काय ठेवणार? तू चित्रं कुठे काढायचीस? नुसत्या रेघा मारायचीस आणि त्या मोजत बसायचीस."

"बरं."

"तुझी ती लाकडी पट्टी आहे. मोडकी. माझ्या कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत."

"ती कशाला ठेवलीस?"

"राहिली. आकडे पुसलेत सगळे. हवी का? पाठवते. पण पट्टीच ती, जपून वापर, हाताला कुसळ लागतं."

मी म्हटलं, "नको, राहू दे तुझ्याकडेच." मग मी काहीतरी कारण काढून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी परत केला आणि हवापाण्याशिवाय थोडं बोलले. हे तुमच्या पत्रांमुळे झालं. इतर कोणाला मी हे लिहिलं नसतं, तुम्हाला लिहायला हरकत वाटत नाही.

आता कामाचं.

मला चित्रं चौकटीशिवाय दाखवायची आहेत. पूर्ण कागद, चारही कडा दिसतील अशी, तुमच्या हाताच्या क्रमाने. शेवटी घर. शाईला उजेड सोसत नाही. तीन महिने दाखवली की ती पुढची पाच-सहा वर्षं अंधाऱ्या कपाटात जातील. तेव्हा इथे मी असेन असं नाही, आणि काका तर नसतीलच.

सरांची अट आहे आणि ती मला योग्य वाटते. पट्टी उघडी ठेवायची तर प्रत्येक चित्राखाली दोन नावं येतील, आईंचं आणि तुमचं, आणि ते तुमच्या होकाराशिवाय करायचं नाही. तुम्ही लेखी होकार दिलात तर पाट्या तशा छापू. घराच्या पाटीवर काय लिहायचं ते मी तुमच्यावर सोडते. मी एवढंच सुचवेन: "मेणाचा खडू, शाईचा एक ठिपका." त्यात खोटं काही नाही.

नकार दिलात तर काका जुन्याच मापाच्या नव्या चौकटी कापतील. पट्टी परत झाकली जाईल. घर पुडक्यात सगळ्यांत वर राहील. आणि उत्तर हो असो की नाही, एक गोष्ट मी तुम्हाला लिहून देते: कागद कोणी कापणार नाही.

उद्घाटनाला या असं मी म्हणत नाही. चित्रं बघितली की तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही लिहिलंत. एवढंच कळवते की सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी वरच्या दालनात फक्त मी असते, आणि तिथे बसायला चांगली खुर्ची आहे. सध्या ती सर वापरतात, पण सोमवारी तेही नसतात.

काका अकरा एप्रिलला पुठ्ठा कापायला घेणार आहेत. तुमचं उत्तर, हो किंवा नाही, मला दहा एप्रिलपर्यंत मिळावं, ही विनंती.

आपली,
स. क्यु.